सहा मिनिटांची फायनल

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पाहिजे. आत्ताच हॉस्पिटलातनं आलो, बॅग कॉटवर टाकली, आई खालनं जेवायला हाक मारालीया आणि मी 'आलो, आलो' म्हणत हे टाइप करालोय. उद्यावर ठेवलं तर उद्या डोकं ठिकाणावर आलेलं असेल आणि माझी स्वतःची चूक तेवढी हळूच गाळून टाकीन. (मी मुलगी हाय बरं का. पण कसबा बावड्यात वाढलेली. आमच्याकडं पोरी पण 'मी आलो, मी गेलो'च म्हणत्यात, तेव्हा गोंधळू नका.)

नावं कुणाचीच सांगणार न्हाई. 'तुमचं नाव कुठंही येणार न्हाई' असं लिहिलेल्या कागदावर पेशंटच्या सह्या मीच घेतल्यात. पेठांची नावं तर न्हाईच न्हाई. ती सांगितली तर निम्मं कोल्हापूर इथंच वाचायचं थांबेल आणि उरलेलं निम्मं भांडायला येईल.

तर मी फिजिओथेरपिस्ट. शिकून बाहेर पडून दीड वर्ष झालतं तेव्हा आमच्या मॅडमनी मला त्यांच्या रिसर्चमध्ये घेतलं. मॅडम म्हणजे हाडांच्या सर्जन. खुब्याचा झिजलेला सांधा काढून नवा बसवायचा, हे त्यांचं रोजचं काम. त्यांना एक गोष्ट बघायची होती. साठीच्या पुढची जी माणसं खुबा बदलून घेत्यात, त्यातली काही तरुणपणी खेळलेली असत्यात. कुस्ती, कबड्डी, फुटबॉल. आणि काही जण म्हशीच्या मागं सोडून आयुष्यात कधी पळालेले नसत्यात. मग खेळलेल्या माणसाला ऑपरेशननंतर चालायला लवकर जमतं का? सोपा प्रश्न. उत्तर काढायला मात्र दोन वर्षं आणि मी.

माझं काम असं. ऑपरेशननंतर दीड महिन्यानं, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षानं पेशंटला बोलवायचं. कॉरिडॉरमध्ये तीस मीटरवर दोन कोन ठेवायचे, रस्त्याच्या कामाला ठेवत्यात तसले प्लास्टिकचे. पेशंटनं ह्या कोनापासनं त्या कोनापर्यंत सहा मिनिटं येरझाऱ्या घालायच्या, आपल्याला झेपेल तसं. मी स्टॉपवॉच घेऊन उभारायचं आणि फेऱ्या मोजायच्या. शेवटी विचारायचं, दुखणं किती? शून्य म्हणजे अजिबात न्हाई, दहा म्हणजे सहनच होत न्हाई.

ऐकायला सोपं वाटतं, करायला न्हाई. गगनबावड्याचे एक काका म्हणाले, आमच्यात सहा मिनिटं सपाट चालायला जागाच न्हाई, मला वळायचं कळंना झालंय. कोडोलीच्या एक आज्जी दुखण्याच्या प्रश्नाला म्हणाल्या, तुला पटंल ते लिही बाळ, तू शिकलेली हाईस. शिवाय नियम कडक. दर मिनिटाला एकाच सुरात सांगायचं, 'चांगलं चाललंय, चार मिनिटं राहिली.' बास. टाळ्या न्हाईत, 'चला चला' न्हाई. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका पेशंटचा आकडा दुसऱ्याला सांगायचा न्हाई.

हा नियम मी मोडला. कसा, ते सांगतो.

अण्णा आणि आबा. दोघं पण सत्तरीच्या पुढचे, दोघांचं ऑपरेशन पंधरा दिवसांच्या अंतरानं, दोघं पण फुटबॉलवाले. अण्णा एका पेठेचे गोलकीपर. उंच, मितभाषी, अजून पण दारातनं आत येताना दोन्ही हात चौकटीला लावणारे. आबा दुसऱ्या पेठेचे फॉरवर्ड. बुटके, आणि तोंड एकसारखं सुरू. खूप वर्षांपूर्वीच्या एका फायनलमध्ये आबांनी अण्णांवर पेनल्टी मारून कप नेला होता. तेव्हा माझ्या आईचं लग्न पण झालेलं नव्हतं. पण ही दोघं ती फायनल अशी सांगत्यात की ऐकणाऱ्याला वाटावं, परवाच्या रविवारी झाली. आबांच्या मते बॉल असा बसला की जाळीला भोक पडलं. अण्णांच्या मते बॉल भिकार होता, मैदान ओलं होतं.

तीन महिन्यांच्या तपासणीला अण्णा आले. आबा आदल्या आठवड्यात येऊन गेलते. अण्णांचं चालणं संपलं, खुर्चीत बसून त्यांनी पाणी प्यायलं आणि एकदम सहज विचारलं, त्येनं किती मारल्या? आणि मी, काय सांगू तुम्हाला, माझं तोंड माझ्या ताब्यात नसतंच. सगळे छान चालायला लागलेत म्हणून मी आधीच खुशीत होतो. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही पण मस्तच चाललाय की. आबांची तुमच्यापेक्षा एकच फेरी जास्त हाय."

अण्णांनी पेला खाली ठेवला. बूट घालून गेले.

संध्याकाळपर्यंत ते आबांच्या कट्ट्यावर पोचलं होतं. मला कळलं कसं? तर दुसऱ्या दिवशी आबांचाच फोन. ते म्हणाले, पोरी, पुढची तपासणी कधी हाय, पेठेतली चार माणसं आणतो, चालंल का? मी हसलो. मला ती गंमत वाटली. मला खरंच ती गंमत वाटली हो, हेच तर सांगालोय.

सहा महिन्यांच्या तपासणीला दोघांच्या तारखा जवळजवळच्या, म्हणून मी एकाच सकाळी बोलावलं. ही दुसरी चूक. चार न्हाई, चौदा माणसं आली. दोन्ही पेठांची. कुणीतरी गळ्यात टीमच्या रंगाचा मफलर घातलेला, उन्हाळ्यात. वॉचमननं सगळ्यांना जिन्याशी अडवलं, तर ते जिन्यातनंच शिट्टी मारायला लागले. आबा आधी चालले. वळताना कोनाला असा वळसा घालत होते की जसा काय तो बचावपटू हाय. मग अण्णा. अण्णा चालले न्हाईत, अण्णा निघाले. मान वर, ओठ घट्ट, आणि मी माझ्या एकसुरी आवाजात 'चांगलं चाललंय, तीन मिनिटं राहिली' म्हणालोय तर जिन्यातनं ओरडालेत की तीन न्हाई, अजून धा दे.

अण्णांनी आबांपेक्षा दोन फेऱ्या जास्त मारल्या. दुखणं विचारलं. "शून्य," अण्णा म्हणाले. कपाळावरनं घाम निथळत होता. मी शून्य लिहिलं. पेठेनं अण्णांना जिन्यातनं जवळजवळ उचलूनच नेलं.

मी तो आलेख मॅडमना किती आनंदानं दाखवला असेल, तुम्हीच विचार करा. रेघ सरळ वर. मॅडमनी चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, हा माणूस तीन महिन्यांत एवढा कसा सुधारला? मी म्हटलं, जिद्द. त्या म्हणाल्या, जिद्द मापायचं मशीन आपल्याकडं न्हाई, कारण शोध.

कारण चौथ्या दिवशी आपल्या पायानं चालत आलं. काकू, म्हणजे अण्णांची बायको. भाजीच्या पिशवीसकट आल्या, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या की मी सांगितलं म्हणून सांगू नको. अण्णा रोज सकाळी साडेसहाला स्टेडियमवर जात्यात आणि प्रेक्षकांच्या पायऱ्या चढत्यात, उतरत्यात. तपासणीच्या दिवशी दुखण्याची गोळी खाऊन आलते. घरात मात्र एका कुशीवरनं दुसऱ्या कुशीवर वळता येईना झालंय. आणि विचारलं की एकच उत्तर, मला काय झालंय?

नवा खुबा बसवल्यावर जर असं नव्यानं दुखायला लागलं, तर तो आत सैल झाला असू शकतो. सैल झाला असेल तर दुसरं ऑपरेशन, पहिल्यापेक्षा अवघड, आणि अण्णांना वर साखरेचा आजार. आणि हे सगळं सुरू कशानं झालं? 'एकच फेरी जास्त हाय' ह्या माझ्या वाक्यानं.

मी मॅडमच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. काकू सोडून. मला वाटलं आता रिसर्चमधनं काढणार. मॅडमनी शांतपणे एक फॉर्म काढला, नियम मोडला गेला की भरायचा असतो तो, आणि म्हणाल्या, जे झालं ते जसंच्या तसं लिही, स्वतःची बाजू सावरायची न्हाई. सहा महिन्यांची दोघांची पण मापं धरायची न्हाईत. आणि अण्णांना एक्सरेला बोलव, ह्याच आठवड्यात.

अण्णा येईनात. तीनदा फोन केला. तिन्ही वेळा म्हणाले की शून्य सांगितलंय की, परत काय काढायचंय. मला एकदा वाटलं, आबांनाच सांगावं, ते आणतील ओढून. फोन हातात घेतला पण होता. मग लक्षात आलं की एका पेशंटचं दुसऱ्याला सांगूनच तर हे सगळं झालंय. फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मीच स्टेडियमवर. खाली मैदानात कुठल्यातरी टीमचा सराव चाललेला. वर पायऱ्यांवर अण्णा, एक हात कठड्याला, पाच पायऱ्या चढून थांबलेले. आणि पलीकडच्या अंगाला, अगदी समोर, काठी टेकत, तोंड उघडं टाकून श्वास घेत दुसरं कोण असणार? आबा. दोघं पण एकमेकांकडं बघालेत. आधी कोण बसतंय, ते.

मला हसावं की रडावं, कळंना. मी हात करून आबांना बोलावलं. ते यायला दहा मिनिटं लागली. तोवर अण्णा उभेच. मी उभारलोय म्हणून न्हाई, आबा येतोय म्हणून. दोघांना समोर घेतलं आणि एका दमात सांगून टाकलं. "सामना रद्द झालाय. चूक पंचाची. मी आकडा फोडला, त्यामुळं तुमच्या दोघांचं सहा महिन्यांचं माप धरणार न्हाईत. मॅडमनी लिहून घेतलंय माझ्याकडनं."

आबांनी विचारलं, "मग निकाल?"

"निकालच न्हाई."

"आयला. म्हणजे महिनाभर ह्या पायऱ्या मी फुकटच चढालोय व्हय."

अण्णा म्हणाले, "तू पण महिनाभर?"

"मग काय. तू दिसतोस की मला तिकडनं. तू बसला न्हाईस म्हणून मी बसलो न्हाई."

अण्णा जरा हसले. मी तेवढ्यात विचारून टाकलं, की अण्णा, आता मॅच न्हाई, वही न्हाई, मी काही लिहिणार न्हाई, खरं सांगा, दुखतंय का? मला वाटलं, आता परत शून्य येणार. मग ते बोलले, आणि मी त्यांना एवढं लांब वाक्य बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

"गोलकीपरनं कुठं दुखालंय ते दाखवायचं नसतंय पोरी. दाखवलं की पुढचा तिथंच मारतोय."

आबांची काठी पायरीवर टकटक करत होती, ती थांबली. खाली बघत ते म्हणाले, "त्या फायनलला तू डाव्या कमरंला हात लावलातास. एकदाच. मी बघितलं हुतं. म्हणून डावीकडं मारला."

"ठाऊक हाय मला," अण्णा म्हणाले.

एवढंच. (ऑपरेशन अण्णांचं उजव्या खुब्याचं झालंय, उगाच जुळवाजुळव करू नका.) मग अण्णा कठडा धरून सावकाश पायरीवर टेकले, पाय लांब केला आणि म्हणाले, "सात. चढताना सात. बसल्यावर पाच."

आबा पण शेजारी टेकले. म्हणाले, "माझं चार. घ्या, हितं पण ह्योच फुडं."

मी दोघांना रिक्षात घालून सरळ हॉस्पिटलात आणलं. आबांचा पण एक्सरे काढला, त्यांना लगेच मोकळं केलं, नुसते पाय आखडलेले. अण्णांच्या फिल्मकडं मॅडम खूप वेळ बघत होत्या. रक्त तपासायला पाठवलं. आबा बाहेर बाकावर बसलेले, घरी जा म्हटलं तरी हलंनात. काकू आल्या, त्यांनी आबांकडं नुसतं बघितलं आणि बाकावर मधी पिशवी ठेवून बसल्या.

मॅडम बाहेर आल्या. खुबा जाग्यावर होता. भोवतीचे स्नायू सुजलेते, पायऱ्या चढून चढून. रक्त पण दुसऱ्या दिवशी चांगलं आलं. मॅडमनी अण्णांना जे झापलं ते मी इथं लिहीत न्हाई, पण गाभा असा होता की हा खुबा मी तुम्हाला घरात सुखानं फिरायला बसवलाय, कप न्यायला न्हाई. दीड महिना पायऱ्या बंद. गोळी खाऊन तपासणीला यायचं न्हाई. अण्णांनी मान डोलावली, मग विचारलं की पायऱ्यांचं तुम्हाला सांगितलं कुणी? मी म्हटलं, मला सकाळी स्टेडियमवर फिरायची सवय हाय. अण्णांनी काकूंकडं बघितलं. काकू खिडकीतनं बाहेर बघालत्या.

त्यानंतर मॅडमनी आमच्या कागदात एक भर घातली. पेशंटला दुखणं विचारायचंच, पण घरच्या माणसाला पण वेगळं बसवून विचारायचं, रात्री झोप लागती का, मोजे घालता येत्यात का, संडासला जाताना धरायला लागतं का. मॅडम म्हणाल्या, खेळलेली माणसं लवकर चालत्यात की न्हाई ते दोन वर्षांनी कळेल, पण खेळलेली माणसं दुखणं लपवत्यात हे आजच कळलं. त्या दिवसापासनं खेळाडूचं शून्य दिसलं की मी घरच्यांची वाट बघतो.

आणि आता आजचं. ह्याच्यासाठीच जेवण थांबवलंय. आज अण्णांची वर्षाची तपासणी होती. ह्या वेळी मी शहाणपणानं वेगवेगळे वार दिले, अण्णांना आज आणि आबांना गुरुवारी. तरी पण आबा अण्णांच्याच रिक्षातनं आले. मी त्यांना खाली गेटजवळच बसवलं, कॉरिडॉरमध्ये यायचं न्हाई म्हणून. ते म्हणाले, मी कुठं बघायला आलोय, मी वारा खायला आलोय.

अण्णा चालायला लागले. नीट, त्यांच्या त्यांच्या चालीनं. शिट्ट्या न्हाईत, काही न्हाई, फक्त चपलांचा आवाज आणि मी. 'चांगलं चाललंय, तीन मिनिटं राहिली.' आणि चौथ्या मिनिटाला ते थांबले. भिंतीला हात लावला. मग माझ्याकडं बघून, एकदम साध्या आवाजात, रोज पाणी मागावं तसं म्हणाले, "खुर्ची दे गं."

ते बसले हो. घड्याळ चालू असताना बसले. नियमात तसं हाय, दमलं तर विश्रांती घ्यायची, घड्याळ थांबवायचं न्हाई. मी नियमाप्रमाणं एकसुरी आवाजात म्हणालो, वाटलं की परत सुरू करा. तो एकसुरी आवाज कसा काढला ते मलाच ठाऊक. अर्धं मिनिट बसले, मांडी चोळली, उठले आणि उरलेलं चालले. सहा महिन्यांपेक्षा बऱ्याच फेऱ्या कमी भरल्या. दुखणं विचारलं, तर म्हणाले, "मघाशी थांबलो तवा तीन. आत्ता एक." काकूंना वेगळं विचारलं, त्यांचं पण तेच. रात्री दोन्ही कुशीवर झोपत्यात.

तीन आणि एक लिहिताना मला इतका आनंद झाला की मी पेनानं कागदच फाडला जवळजवळ. मॅडमनी बघितलं, म्हणाल्या, आत्ता खरं माप मिळालं. आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्यांचं तसंच.

मी अण्णांना आणि काकूंना सोडायला गेटपर्यंत गेलो. आबा उठले. मी आधीच ओठ घट्ट मिटून घेतले, म्हटलं आता मला कुणी कापलं तरी आकडा बाहेर येणार न्हाई. पण अण्णांनीच सांगितलं.

"मधी बसलो बघ मी आज."

आबांनी अण्णांच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "बरं केलास. गुरुवारी मी पण बेस बसतो."

मी म्हटलं, आबा, असं ठरवून बसायचं नसतंय, दमला तरच बसायचं. ते म्हणाले, दमीन की, त्यात काय. अण्णा रिक्षात चढता चढता म्हणाले, ह्यो दोनदा बसणार बघ, माझ्यापेक्षा जास्त पाहिजे म्हणून. रिक्षा वळेपर्यंत दोघांचं त्यावरनंच चाललेलं ऐकू येत होतं.

आता गुरुवारी काय होणार ह्याची मला आत्तापासनं धडकी हाय. आई तिसऱ्यांदा हाक मारालीया, भाकरी गार झाली म्हणतीया. पण जेवायला जायच्या आधी विचारतो. तुमच्या घरात हाय का असं कुणी, ज्यांनी कुणापुढं तरी हार नको म्हणून दुखणं शून्य सांगितलं? आणि त्यांनी खरा आकडा शेवटी सांगितला तो कुणाला, तुम्हाला की त्याच माणसाला, ज्याच्यापुढं हरायचं नव्हतं?